पिपाणी कुणाच्याही लग्नात वाजते

दादाने मला सही करायला बोलावलं होतं, डिश दुरुस्त करायला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर त्याने सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं की मी आल्या आल्या गच्चीवर चढून तमाशा केला. तमाशा केला, हे खरं आहे. आल्या आल्या नाही. आधी मी चहा प्यायले.

सही बाबांच्या कागदावर हवी होती. बाबांना झटका येऊन दोन वर्षं झाली. उजवी बाजू गेली, वाचा गेली, डावा हात तेवढा शाबूत राहिला. तेव्हापासून ते दादाकडे, वरच्या मजल्यावरच्या खोलीत असतात. आता दादाने एक संस्था शोधून काढली होती. तिथे 'आकलन नसलेल्या रुग्णांचा' एक वेगळा विभाग होता. डॉक्टरने लिहून दिलं होतं: रुग्णाला बोललेलं कळत नाही, प्रतिसाद नाही, डाव्या हाताची निरर्थक हालचाल सतत चालू. दोन्ही मुलांच्या सह्या झाल्या की सोमवारी गाडी येणार होती. एकदा त्या विभागात गेलं की भेट आठवड्यातून एक तास. आणि बाकीच्या वेळात बोलायला कुणी नाही, कारण ज्याला काही कळत नाही असं कागदावरच लिहिलंय त्याच्याशी कोण कशाला बोलेल?

"काहीच कळत नाही म्हणजे?" मी फोनवर विचारलं होतं.

"म्हणजे काहीच नाही. तू ये आणि बघ."

म्हणून आले. चहा संपवला आणि दादाच्या मागोमाग जिना चढले. कागद त्याच्या हातात होता. मधल्या पायरीवरच त्याने पेनाचं टोपण काढलं, तेव्हाच माझं डोकं सणकलं.

खोलीत कोंदट वास होता. खिडकी बंद. पलंग खिडकीला चिकटवलेला, म्हणजे बाबांचा डावा हात खिडकीच्या गजाला लागेल असा. समोर भिंतीवर टीव्ही चालू होता, आणि त्यावर नुसता निळा रंग. आणि एक पांढरी चौकट, 'सिग्नल नाही'. ती चौकट या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकायची आणि परत यायची. बाबांचे डोळे तिच्यावर. हातात चमचा होता, आणि त्या चमच्याने ते गजावर ठोकत होते. टक टक. थोडं थांबून पुन्हा टक टक.

"दिवसभर असंच चालतं हो ताई," वहिनी म्हणाली. "चमचा काढून घेतला तर नखाने ठोकतात. नख तुटलं परवा."

मी ते ऐकलं. ऐकलं म्हणजे कानावर पडलं. माझं सगळं लक्ष त्या निळ्या रंगाकडे होतं.

"हे किती दिवस असं आहे?"

"काय?" दादा म्हणाला.

"टीव्ही."

"तो होय. झाले असतील चार महिने. आम्ही खाली नेटवर बघतो सगळं, त्यामुळे डिशचं काही..."

"आणि बाबा?"

"त्यांना काय फरक पडतो गं? बंद केला की जास्तच ठोकतात, म्हणून चालू ठेवतो. तेवढाच खोलीत उजेड."

तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाने या गावातल्या निम्म्या छपरांवर डिश चढवली, तो माणूस चार महिने रिकाम्या पडद्यासमोर पडून आहे. त्याची मुलगी दुसऱ्या गावात याच धंद्यात आहे. आणि तिचा भाऊ सांगतोय की तेवढाच उजेड!

बाबांबरोबर मी वीस वर्षं छपरं चढले. शाळा संपली तेव्हा त्यांनी आम्हा दोघांना विचारलं होतं, माझ्याबरोबर कोण येणार? दादाला उंचीची भीती. स्टुलावर उभं राहून बल्ब बदलायचा झाला तरी तो बायकोला हाक मारतो. मी मात्र त्याच दिवशी शिडीला लागले, आणि बाबांनी माझं नाव खारूताई ठेवलं. मी वर, ते खाली गिऱ्हाइकाच्या टीव्हीसमोर. वीस वर्षांत एकदाही आमची जागा बदलली नाही.

"सही नंतर," मी म्हटलं. "आधी डिश."

"आता? अगं, सोमवारी तर ते जाणारेत. सोमवारनंतर या खोलीत टीव्ही बघायला असणार कोण?"

तो असं बोलला, आणि ते बाबांच्या पायाशी उभं राहून बोलला. तोंड उघडलं असतं तर ते बंद झालं नसतं. मी पलंगाकडे गेले, बाबांच्या अंगावरून वाकले आणि खिडकी सताड उघडली.

हत्यारं माझ्याकडे नव्हती. सही करायला येणारं माणूस पाने-पक्कड घेऊन येत नाही. पण वहिनीने न विचारता पलंगाखालून बाबांची खाकी पिशवी ओढून काढली. ती तिने जपून ठेवली होती, आणि त्याबद्दल मी तिचे आभारही मानले नाहीत, इतकी मी तापले होते. पिशवीत दोन पाने, पक्कड, वीतभर वायरचा तुकडा आणि तळाशी पिपाणी.

पिपाणी म्हणजे बाबांचा सिग्नल मीटर. साबणाच्या वडीएवढा डबा, त्यावर काटा, काट्याखाली एक बटण फिरवायला. डिश आणि टीव्हीचा बॉक्स यांच्या मधल्या वायरीत तो जोडायचा आणि डिश हळूहळू फिरवायची. आकाशातून काही सापडलं की काटा वर चढतो आणि डबा किंचाळायला लागतो. जितकं जास्त सापडेल तितकी किंकाळी बारीक आणि चिरकी. माझ्या दुकानात आता नवा मीटर आहे, त्याच्या पडद्यावर कोणता उपग्रह सापडला त्याचं नावच उमटतं. पिपाणीला असलं काही येत नाही. तिला फक्त ओरडता येतं.

मी बॉक्सवर सिग्नलचं पान उघडून ठेवलं. त्यावर दोन पट्ट्या दिसतात. दादाला टीव्हीसमोर खुर्चीत बसवलं.

"पट्टी भरली की मला ओरडून सांग. खिडकीतून ओरड, मी बरोबर वरच आहे."

"कुठली पट्टी?" त्याने विचारलं की नाही, मला आठवत नाही. विचारलं असेल. मी तोवर दाराबाहेर गेले होते, आणि हे माझ्या खात्यात धरा.

गच्चीवर गेले तर डिश पाण्याच्या टाकीकडे तोंड करून उभी! म्हणजे अगदी टाकीशी गप्पा मारत असल्यासारखी. कारण शोधायला लागलंच नाही. डिशच्या कडेला नायलॉनची दोरी बांधलेली होती, तिचं दुसरं टोक कठड्याच्या हुकाला, आणि दोरीवर ओल्या चादरी. त्या वजनाने डिश रोज थोडी थोडी ओढली जाऊन पाइपावर फिरली होती आणि जराशी खालीही वाकली होती. डिशला कपडे वाळत घालणाऱ्या माणसांना मी गिऱ्हाइकाच्या तोंडावर जे बोलते ते सगळं जिभेवर आलं. वहिनीचं नावही आलं.

मग चादरी काढायला हात घातला. पाच होत्या. सगळ्या लहान, एकाच पलंगाच्या मापाच्या, मधोमध पुन्हा पुन्हा धुवून फिक्या पडलेल्या. बाबांच्या चादरी. रोजच्या. कधी दोन, कधी पाच.

मी त्या घडी करून कठड्यावर ठेवल्या. जिभेवर आलेलं गिळलं. ते घशाखाली उतरायला तयार नव्हतं, कारण राग कुणावर तरी काढायलाच हवा होता, आणि आता तो वहिनीवर काढता येत नव्हता. राहिला दादा.

त्याच रागात कामाला लागले. बाबांनी मला एकच नियम हजारदा सांगितला होता, रागात नट आवळायचा नाही. पण पालथ्या घड्यावर पाणी. पाइप सरळ आहे का ते नजरेनेच पाहिलं. डिशच्या दांडीच्या टोकावरची डबी, जिच्यात सिग्नल गोळा होतो, तिची वायर काढली, मध्ये पिपाणी जोडली. काटा जागचा हलला, म्हणजे खालून वीज येत होती. मागचे नट सैल केले, डिश दोन्ही हातांत धरली, वाकलेली होती ती अंदाजाने वर उचलली आणि फिरवायला घेतली. बोटभर फिरवायचं, थांबायचं, काटा बघायचा. पुन्हा बोटभर. टाकी मागे पडली, समोरची भिंत मागे पडली, मोकळं आकाश आलं.

पिपाणी कुरकुरली. मग ओरडली. मी बटण फिरवून तिचा आवाज उतरवला, अजून बोटभर गेले, तर काटा टोकाला जाऊन आदळला आणि असली चिरकी किंकाळी उठली की कठड्यावरचं कबुतर उडालं.

"भरली!" खालून दादा ओरडला. "नव्वद! ब्याण्णव! आवळ, आवळ!"

बघा, म्हटलं. पाच मिनिटांचं काम. पाच मिनिटांचं काम यांनी चार महिने केलं नाही. मी खिशातून पाना काढला आणि नटाला लावला.

टक टक.

आवाज खालून आला, खिडकीच्या गजावरून. मी नट अर्धा फेरा आवळला.

टक टक. टक टक.

माझा हात थांबला. डोक्याने थांबवला नाही. तो आपला आपण थांबला, कारण वीस वर्षं तो त्या आवाजावर थांबत आला होता.

मोबाइल नव्हते तेव्हाची गोष्ट. वरून खाली ओरडायचं तर वाऱ्यात ऐकू जात नाही, आणि परक्याच्या घरात ओरडणं बाबांना आवडायचं नाही. म्हणून ते टीव्हीसमोर उभे राहून पान्याने खिडकीच्या गजावर ठोकायचे. एक ठोका म्हणजे इथेच, घट्ट आवळ. दोन म्हणजे मागे. तीन म्हणजे पुढे. काहीच नाही म्हणजे चालू दे, बरोबर जातेयस. चार म्हणजे झालं, खाली ये. दुसऱ्या कुणाला यातलं काही माहीत नव्हतं. गिऱ्हाइकांना वाटायचं, म्हातारा गज तपासतोय.

दोन म्हणजे मागे.

"अगं आवळ ना!" दादा ओरडला. "पट्टी फुल आहे!"

"दादा," मी कठड्यावरून वाकून ओरडले, "कुठली पट्टी? वरची की खालची?"

"वरची!"

"आणि खालची?"

"खालची... शून्य आहे. तिचं काय?"

तिचं काय! वरची पट्टी ताकदीची. खालची खरी. वरची भरलेली आणि खालची शून्य, म्हणजे सिग्नल दणदणीत आहे, पण तो आपल्या बॉक्सचा नाही. शेजारच्या दुसऱ्याच उपग्रहाचा आहे. वर आकाशात ते एका ओळीत उभे आहेत, एकाला शोधायला जावं तर दुसरा आधी हात वर करतो. ही डिश बाबांनीच बसवलेली; टाकीकडून येताना आधी शेजारचा लागतो आणि मग आपला, हे त्यांना पाठ. हे मला शिकवताना बाबा म्हणायचे, खारूताई, पिपाणी कुणाच्याही लग्नात वाजते. आपल्या मांडवात वाजतेय का ते खाली टीव्हीवर बघावं लागतं. नव्या मीटरने मला आयतं नाव वाचायची सवय लावली, आणि रागाने उरलेली अक्कल घालवली.

पण ते कळलं कुणाला? मला नाही. दादाला नाही. पलंगावरच्या माणसाला कळलं, ज्याच्याबद्दल लिहून दिलं होतं की त्याला काही कळत नाही.

माझा विश्वास बसेना. मी मुद्दाम डिश चुकीच्या बाजूला, परत टाकीकडे, म्हणजे पुढे ढकलली. टक टक, लगेच, जोरात. मग मागे घ्यायला लागले. शांत. अजून मागे. शांत. काटा पडला, पिपाणी गप्प झाली, दादा खालून "अगं गेलं सगळं, काय करतेस" म्हणून ओरडायला लागला, आणि गज मात्र शांत. चालू दे, बरोबर जातेयस.

मी तिथेच टाकीला टेकून बसले. डिश तशीच सोडली. त्या ठोक्यांनी मला इतकं धरून ठेवलं होतं की उठताच येईना. किती वेळ बसले कोण जाणे, एक मिनिट असेल, दोन असतील.

मग खालून ठोके आले. टक टक टक टक टक. पाच.

पाच म्हणजे काय ते मी विसरलेच होते. पाच ठोके बाबा फार क्वचित द्यायचे, मी वर वेंधळेपणा करायला लागले किंवा उगीच वेळ काढायला लागले की. पाच म्हणजे: सर बाजूला, मीच येतो वर.

ज्या माणसाला कूस बदलायला दोन माणसं लागतात, तो मला म्हणत होता, सर बाजूला, मीच येतो वर.

मला हसू फुटलं. आणि हसता हसता असं रडू कोसळलं की शेजारच्या गच्चीवर झाडांना पाणी घालणारी बाई पाइप हातात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. बघू दे. मी नाक पुसलं आणि उठले.

"येऊ नका, बाबा!" मी खिडकीकडे तोंड करून ओरडले. "करते मी!"

नखभर नखभर मागे घेत गेले. पिपाणी पुन्हा कुरकुरली, या वेळी हळू, आधीच्या निम्म्यानेही नाही. तिच्या भरवशावर असते तर मी इथे थांबलेच नसते. जरा पुढे निसटले. टक टक. मागे घेतली. शांत. केसभर अजून. आणि मग एकच ठोका. स्पष्ट, कोरडा, जसा बाबांचा नेहमी यायचा.

एक. मी नट आवळले. एकदम एक नाही, आळीपाळीने, थोडा हा थोडा तो, त्यांनी शिकवले तसे. मग डिशची मान जराशी वर-खाली करून पाहिली. तिथेही दोन ठोके आणि मग एक. पिपाणी काढून वायर परत जोडली. खाली दादा काहीच ओरडत नव्हता. चार ठोके आले. झालं, खाली ये.

खाली आले तर टीव्हीवर चित्र होतं. एक माणूस नदीच्या काठाला स्टूल टाकून गळ घेऊन बसला होता. मासा लागत नव्हता. बाबांना हा कार्यक्रम फार आवडायचा, त्यात कुणी फारसं बोलत नाही म्हणून. त्यांनी चमचा छातीवर ठेवला होता आणि नदीकडे बघत होते. मी त्यांच्या गालाला हात लावला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग मान किंचित हलवून पुन्हा टीव्हीकडे. मधे येऊ नकोस, असं.

"वहिनी," मी विचारलं, "हे रोज कसे ठोकतात? किती ठोके?"

"दोन-दोनच. टीव्हीकडे बघून दोन-दोन. सारखं."

झालं. तेवढंच ऐकायचं राहिलं होतं.

मी दादाकडे वळले, आणि मग जो तमाशा झाला म्हणतो तो झाला. ठोक्यांचा सगळा हिशेब त्याला एका श्वासात सांगितला. "मागे घ्या म्हणत होते ते! डिश पुढे सरकलीय, मागे घ्या! चार महिने! दिवसभर! नख तुटेपर्यंत सांगत होते तुला, आणि तू डॉक्टर आणून लिहून घेतलंस, निरर्थक हालचाल! निरर्थक कोण आहे दादा या घरात? तो डॉक्टर पाच मिनिटं आला असेल. तू तर इथे राहतोस. एकदा, एकदा तरी विचार केलास, की हा माणूस आयुष्यात कधी उगीच ठोकत नव्हता?"

"मला काय माहीत तुमचं ते ठोकणं?" दादाही पेटला. "मला कुणी शिकवलं? तुम्ही दोघं छपरावर आणि मी घरात, हेच होतं ना कायम? आणि तू मला विचारतेस! रोज त्यांना उचलतो मी. अंघोळ मी घालतो, भरवते ही. दोन वर्षांत या खोलीला कुलूप लावून एक दिवस बाहेर गेलो नाही आम्ही. तू काय करतेस? फोनवरून शेळ्या हाकतेस. बाबा कसे आहेत, औषध दिलं का, अच्छा ठेवते!"

"म्हणून त्यांना..."

"थांब. माझं झालं नाही. तू दर रविवारी फोन करतेस ना? मी फोन त्यांच्या कानाला लावतो ना? तेव्हा मागून हे टक टक चालू असतं. आणि तू मला काय विचारलंस? आठव. एकदा नाही, तीनदा विचारलंस. 'दादा, तुमच्याकडे काही काम चाललंय का, कोण ठोकतंय?'"



विचारलं होतं. तीनदा. एकदा तर मी चिडून म्हणाले होते, ते ठोकणं बंद करायला सांग, मला बाबांचा श्वाससुद्धा ऐकू येत नाही. साऱ्या जगात तो आवाज ओळखणारे कान दोनच होते, माझे. आणि बाबा फोन कानाशी असताना ठोकत होते. म्हणजे ते गजाला सांगत नव्हते. मला सांगत होते. मी म्हटलं होतं, बंद करा.

राग कुठे गेला नाही. तो फक्त माझ्याकडे तोंड करून उभा राहिला. मी पलंगाच्या कडेवर बसले. दादाही खुर्चीत बसला. टीव्हीवरच्या माणसाने गळ वर ओढला, रिकामा निघाला, पुन्हा टाकला.

"एक म्हणजे काय, दोन म्हणजे काय, ते लिहून द्या मला," वहिनी म्हणाली. तिचा आवाज आम्हा दोघांसारखा चढलेला नव्हता. "मी लक्षात ठेवीन, पण लिहिलेलं बरं."

कागद शोधायला कोण उठणार? टेबलावर तो एकच होता. मी तो उलटा केला.

"अगं, तो फॉर्म आहे," दादा म्हणाला.

"मागची बाजू कोरी आहे."

त्याने अडवलं नाही. त्याचंच पेन घेऊन मी ओळीने लिहिलं. एक, इथेच, घट्ट आवळ. दोन, मागे. तीन, पुढे. काही नाही, चालू दे. चार, झालं, खाली ये. पाचाच्या ओळीपाशी पेन अडखळलं, तरी लिहिलं: सर बाजूला, मीच येतो. वहिनीने वाचलं आणि पदर डोळ्यांना लावून पाणी आणायला म्हणून खाली निघून गेली. दादाने कागद घेतला. तो एकेक ओळ ओठ हलवत वाचत होता, शाळेत पाढे वाचायचा तसा. पाचाच्या ओळीवर त्याचे ओठ थांबले.

मग तो खुर्चीवरून उठून पलंगाशी आला आणि गुडघे टेकून खाली बसला. तोंड बाबांच्या तोंडाच्या पातळीला आणलं. दोन वर्षं त्यांना उचलणाऱ्या माणसाला त्यांच्याशी कसं बोलायचं ते माहीत नव्हतं, हे मला तेव्हा दिसलं.

"बाबा," तो म्हणाला. "सोमवारी गाडी येणार आहे. ते... तिथे काळजी घेतात म्हणे. माणसं असतात." त्याने चादरीची कड सारखी केली. "तुम्हाला कुठे राहायचंय?"

बाबांनी टीव्हीवरची नजर काढली आणि त्याच्याकडे पाहिलं. छातीवरचा चमचा डाव्या हाताने चाचपडून उचलला. हात गजापर्यंत गेला.

टक.

आम्ही वाट बघितली. दुसरा ठोका आला नाही. हात खाली आला.

दादाने कागद नाकाशी धरला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"एक," त्याने वाचलं. "इथेच. घट्ट आवळ."

आणि त्याने बोट त्या ओळीवरून उचललं नाही.